साहेबांना उशीर का झाला

मी एक जुनं शेरेबुक आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला कधी हात लावला असेल असं वाटत नाही, कारण माझी जागा मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात असते आणि त्या कपाटाची किल्ली सहसा कुणाच्या हाती पडत नाही. पण तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊ असणारच. शाळा तपासायला साहेब येतात, वर्गातून फिरतात, सतराचा पाढा विचारून तुम्हाला घाम फोडतात आणि जाताना एका जाड वहीत काहीतरी लिहून सही करतात. ती वही म्हणजे मी. साहेब जे लिहितात त्याला शेरा म्हणतात.

वर्धा जिल्ह्यातल्या बोरधरी गावच्या जिल्हा परिषद शाळेचा मी. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन खोल्या, पुढे व्हरांडा आणि अंगणात एक कडुलिंब, एवढी आमची शाळा. गावाच्या उगवतीला वाघनाला आहे. नाल्यापलीकडे मोहदी गाव, तिथेही शाळा आहे. ही नाल्याची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा जन्म १९८४ सालचा. तेव्हा हरिदास गुरुजी मुख्याध्यापक होते. जुनं शेरेबुक भरलं म्हणून त्यांनी शाळेच्या सादिल खर्चातून, म्हणजे खडू-केरसुणीसाठी सरकारकडून जी रक्कम येते तिच्यातून, मला वर्ध्याच्या एका बाइंडरकडून शिवून घेतलं. लाल कापडाची पाठ, जाड पुठ्ठा, आखीव कागद. सायकलच्या कॅरिअरला बांधून त्यांनी मला गावात आणलं आणि त्या दिवशी त्यांनी दुसरं काही केलं नाही, माझ्या एकेका पानावर क्रमांक घातला. मग पहिल्या पानावर लिहिलं, 'प्रमाणित करण्यात येते की, या शेरेबुकात १ ते २०० क्रमांकांची पाने आहेत.' खाली सही, सहीवर शिक्का.

तुम्हाला हसू येईल. पण एकदा हा दाखला झाला की माझ्यातलं पान कुणाला फाडता येत नाही आणि नवं घुसवता येत नाही. एकदा लिहिलेलं लिहिलंच. मला या दाखल्याचा भारी अभिमान आहे. जरा जास्तच आहे, असं शेजारचा हजेरीपट म्हणायचा, पण तो दर महिन्याला नवा येणारा, त्याला काय कळणार.

माझं उजवं पान साहेबांचं आणि डावं पान गुरुजींचं. उजवीकडे साहेबांनी शेरा लिहायचा आणि डावीकडे गुरुजींनी पूर्तता लिहायची, म्हणजे शेऱ्यात सांगितलेलं काम कधी आणि कसं पुरं केलं ते. बहुतेक शाळांत हा कारभार साहेब आणि मुख्याध्यापक या दोघांपुरताच राहतो. आमच्या शाळेची रीत मात्र निराळी होती. साहेब येऊन गेले की दुसऱ्या दिवशी परिपाठाला प्रार्थना झाल्यावर हरिदास गुरुजी मला उघडत आणि शेरा सगळ्या पोरांसमोर मोठ्याने वाचत. बरा असो की वाईट, सगळा वाचत. एकदा तर 'मुख्याध्यापकांचे अक्षर सुधारण्यास वाव आहे' हेसुद्धा त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं होतं.

एका पालकाने त्यांना विचारलं, "गुरुजी, साहेबानं तुम्हाले बोल लावला, तो पोट्ट्याईले काऊन सांगता?"

गुरुजी म्हणाले, "शेरा मायावर नाई लिहिला बापा, शाळेवर लिहिला. शाळा का माया एकट्याची आहे?"

मित्रांनो, इथे आल्यापासून मी बोरधरीच्या बाहेर कधी गेलो नाही, पण सरकार काय असतं ते मला माझ्या पानांवरून कळलं. उजव्या पानावर कुणीतरी लिहायचं, 'दुसऱ्या खोलीचे कवेलू फुटले आहेत, पावसात मुले बसतात कोठे?' काही महिन्यांनी डाव्या पानावर गुरुजी लिहायचे, 'कवेलू फेरले.' पुढे छपराची ही कौलं जाऊन टिनं आली, टिनं जाऊन स्लॅब आला. 'पिण्याचे पाणी लांबून आणावे लागते' असा शेरा आला आणि दोन उन्हाळ्यांनंतर अंगणात हापसा उभा राहिला. शाळा उघडते त्या दिवशी पुस्तकं हातात पडू लागली, गणवेश आले, दुपारची गरम खिचडी आली. उशीर व्हायचा, कधीकधी फार व्हायचा, स्मरणपत्रं जायची. पण यायचं. ज्या गावाचं नाव नकाशावर शोधून सापडत नाही, त्या गावातल्या पोरांच्या डोक्यावरचं छप्पर कुणीतरी साहेब येऊन वर मान करून बघतो आणि त्याची नोंद ठेवतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

या सगळ्या साहेबांत माझे सर्वांत लाडके मधुकरराव. ते विस्तार अधिकारी होते, म्हणजे तालुक्यातल्या कितीतरी शाळांवर देखरेख ठेवणं त्यांच्याकडे होतं. अंगाने जाडजूड, अक्षर मात्र बारीक आणि देखणं. वेळेच्या बाबतीत कडक. एखादा मास्तर दहा मिनिटं उशिरा आला तर त्याच्या शेरेबुकात तशी ओळ पडलीच म्हणून समजा. आणि म्हणूनच स्वतःला उशीर झाला तर ते स्वतःलाही सोडत नसत. भेटीची वेळ शेऱ्यात लिहावीच लागते. ती लिहिली की पुढे ते उशिराचं कारणही लिहीत.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये ते असेच आले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली आणि एका पायात जोडा नाही. आल्याआल्या त्यांनी गुरुजींकडे मला मागितलं आणि लिहिलं, 'सकाळी १०.३० ऐवजी ११.५० वाजता शाळेस भेट दिली. मोहदी शाळेकडून येताना वाघनाल्यास पाणी होते. नाला पायी ओलांडण्याच्या प्रयत्नात डावा जोडा वाहून गेला. अखेर परत फिरून सडकेने सहा किलोमीटर सायकलने यावे लागले.'

त्या वेळी चौथीत ताना नावाची एक धीट मुलगी होती. तिने हात वर करून विचारलं, "साहेब, मंग उजव्या जोड्याचं काय करान?"

मधुकररावांनी आपल्या अनवाणी पायाकडे बघितलं आणि ते म्हणाले, "घरी जपून ठेवतो बाई. डावा सापडला तं आणून देजो."

दुसऱ्या दिवशी परिपाठाला गुरुजींनी हा शेरा वाचला तेव्हा पोरं पोट धरधरून हसली. वाचून झाल्यावर गुरुजींनी डाव्या पानावर लिहिलं, 'नाल्यावर पूल व्हावा म्हणून वरिष्ठांस पत्र दिले.' पुढे ज्या ज्या साहेबाला नाल्यापायी उशीर झाला, त्या त्या साहेबाने कारण लिहिलं, कारण मागच्या पानावरचा शेरा वाचूनच पुढचा लिहायची पद्धत असते आणि मधुकररावांनी पायंडा पाडला होता. दर वेळी डावीकडे तीच पूर्तता पडली, पत्र दिले. माझ्यातला हा एकच शेरा असा, की ज्याची पूर्तता कधी झालीच नाही.

हरिदास गुरुजी निवृत्त झाले. नंतरच्या मास्तरांनी मला सांभाळलं, पण परिपाठाला वाचायची रीत हळूहळू सुटली. मग मोबाइल आले. साहेब यायचे, शाळेचा फोटो काढायचे, मोबाइलमध्येच खुणा करायचे की भेट झाली. त्यांना मी दोष देत नाही. त्यांची माहिती झटकन वरपर्यंत पोचते, मला मात्र कुणी उचलून नेलं तरच मी जाणार. पण मला वाईट वाटलं हे खरं आहे. माझ्यावर जुने नकाशे आले, नकाशांवर मोडकी वजनमापं आली. मी कपाटाच्या तळाशी गेलो आणि एका पावसाळ्यात वाळवीने माझा खालचा कोपरा खाल्ला.

अशा दिवसांत नंदिनी मॅडम आल्या. या पुलगावच्या. आठ वर्षांपूर्वी आल्या तेव्हा दोन शिक्षक होते, आता त्या एकट्याच. चारही वर्ग एका खोलीत बसतात. पहिलीला बाराखडीला लावून त्या तिसरीची वजाबाकी घेतात आणि तेवढ्यात चौथीचं पोर पहिलीच्या पोराचा हात धरून अक्षर गिरवून देतं. कपाटाच्या फटीतून मी हे रोज बघायचो. एकाच वेळी चार वर्गांकडे लक्ष देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पटावर मुलं फक्त नऊ, पण नऊच्या नऊ वाचतात.

आणि अशा या मॅडमच्या हातून चूक झाली.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात वरून माहिती मागवली गेली. बोरधरीपासून सगळ्यांत जवळची शाळा किती अंतरावर आहे, ते आजच्या आज कळवा. नंदिनी मॅडम सुटी सोडून भर उन्हात आल्या. अंदाजाने आकडा टाकायचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी आपली स्कूटी काढली, वाघनाल्याच्या कोरड्या पात्रातून पार मोहदीच्या शाळेच्या फाटकापर्यंत नेली, मीटर बघितलं आणि लिहिलं, नऊशे मीटर. मे महिन्यात वाघनाल्यात पोरं क्रिकेट खेळतात. पाणी तिथे असतं हे त्या क्षणी कुणाच्याही डोक्यात येणार नाही.

जुलैत पत्र आलं. ज्या शाळेचा पट कमी आहे आणि ज्या शाळेपासून एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा आहे, तिचं समायोजन करायचं, म्हणजे ती बंद करून मुलं दुसऱ्या शाळेत पाठवायची. यादीत बोरधरीचं नाव होतं. अंतराच्या रकान्यात मॅडमनीच लिहिलेला आकडा होता.

त्या दिवशी खिचडी शिजवणाऱ्या बाई भांडी घासून व्हरांड्यात आल्या तर मॅडम पत्र हातात धरून रडत होत्या.

"तानाबाई, हे मीच केलं," त्या म्हणाल्या. "मायाच हातानं लिहिलं मी."

होय मित्रांनो, खिचडीवाल्या बाई म्हणजे तीच चौथीतली ताना. आता तिची नात वर्षाली आमच्याच शाळेत चौथीला आहे.

मॅडमनी दुरुस्तीचं पत्र पाठवलं की पावसाळ्यात नाल्यातून वाट राहत नाही, सडकेने सहा किलोमीटर पडतात. कचेरीतून फोन आला. "मॅडम, मेमध्ये नऊशे मीटर अन् जुलैत सहा किलोमीटर? गाव सरकलं का तुमचं?" बोलणाऱ्याचंही काय चुकलं? शाळा वाचवायची वेळ आली की अंतर वाढतं, हे त्याने इतर ठिकाणी पाहिलं असेल. शेवटी गटशिक्षणाधिकारी स्वतः येऊन बघतील असं ठरलं.

ते आले. नाव अश्वजित, वय पस्तिशीचं, बोलणं थोडं आणि ऐकणं जास्त. पण नशीब बघा, आठवडाभर पावसाने दडी मारली होती. साहेब नाल्यावर गेले तर पाणी घोट्याइतकंच. एक म्हातारी त्यातून शेळ्या घेऊन पलीकडे चालली होती.

"एवढंच पाणी?" साहेब म्हणाले.

"सर, दोन दिवस झड लागली की गळ्याइतकं होतं," मॅडम म्हणाल्या.

"तुमचं खरं असेल मॅडम. पण मला कागदावर काय लिहायचं? गावकरी सांगतात, असं लिहिलं तर कोण मानेल? प्रश्न निघायच्या आधीची एखादी नोंद हवी."

नाल्याची नोंद कोण ठेवतं? सगळे परत शाळेत आले. साहेबांनी मोबाइल काढला आणि आता ते हो की नाही यातल्या एकावर खूण करणार, एवढ्यात खिचडीचं पातेलं उतरवता उतरवता तानाबाई थबकल्या.

"साहेब, एक मधुकरराव साहेब होते. त्याईचा जोडा वाहून गेलता नाल्यात. मी चौथीत होतो तवा. गुरुजींनं सगळ्यायले वाचून दाखोलं होतं."

"कशातून वाचून दाखवलं?" अश्वजित साहेबांनी विचारलं.

"लाल पाठीची वही होती. शेऱ्याची."

मॅडम धावतच कपाटाकडे आल्या. वजनमापं बाहेर निघाली, नकाशे निघाले आणि किती वर्षांनी माझ्या अंगावर उजेड पडला. मॅडमनी पदराने माझी धूळ पुसली. वाळवीने खाल्लेला माझा कोपरा बघून त्यांचा चेहरा उतरला. मी साहेबांच्या हाती गेलो.

आणि त्यांनी सगळ्यांत आधी काय केलं असेल? माझा दाखला वाचला. मग अंगठ्याने पानं सोडत क्रमांक तपासले, एकही तुटलेला नव्हता. हरिदास गुरुजी, तुमचा तो एक दिवस वाया गेला नाही, असं मी मनातल्या मनात म्हणालो.

साहेबांना १९८८ चा ऑगस्ट सापडला. ते वाचू लागले आणि वाचता वाचता हसले. मग त्यांनी वर्षालीला बोलावलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. चौथीतली पोर मधुकररावांचं बारीक अक्षर न अडखळता वाचू लागली, हे त्यांनी बघून ठेवलं. जोड्यापाशी आल्यावर नऊच्या नऊ पोरं हसली. साहेब म्हणाले, "पुढचं वाच."

पुढचं १९९१ चं होतं, दुसऱ्या साहेबांचं. 'नाल्यास पूर असल्याने दुपारी १२.२० वाजता पोहोचलो.' मग १९९४, १९९९, २००६. कुणी सायकलवाला, कुणी मोटारसायकलवाला, कुणी जीपवाला. एकमेकांची तोंडंही न पाहिलेले पाच अधिकारी, अक्षरं निराळी, शाई निराळी आणि उशिराचं कारण एकच. डाव्या पानावर दर वेळी तेच, पत्र दिले. शेवटी शेवटी कुणी हसत नव्हतं. मॅडम डोळे पुसत होत्या आणि तानाबाई पातेल्यापाशी उभ्या राहून ऐकत होत्या, जशा चौथीत असताना ऐकायच्या.

साहेबांनी पुन्हा १९८८ चं पान काढलं. मग म्हणाले, "मॅडम, हे आमच्याच लोकांनी लिहून ठेवलंय. यांना मी खोटं कसं ठरवू?"

त्यांनी माझ्या पानांचे फोटो काढले. ज्या मोबाइलने मला तळाशी ढकललं होतं त्याच्यात मी पहिल्यांदाच गेलो आणि खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही. मग त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं, 'लगतच्या शाळेचे अंतर पावसाळी रस्त्याने सहा किलोमीटर धरावे. विद्यार्थी उत्तम वाचन करतात. शाळा आहे तेथेच चालू ठेवावी, अशी शिफारस करीत आहे.'

"निर्णय वरचा आहे," जाताना ते म्हणाले. "पण मी माझ्या बाजूनं सोडणार नाही."

तो एक महिना कसा गेला ते आम्हालाच ठाऊक. मॅडम रोज शिकवत होत्या, पण गेटाशी गाडीचा आवाज आला की त्यांचा खडू थांबायचा. मला त्यांनी परत कपाटात ठेवलं नाही, टेबलावर ठेवलं, त्यामुळे हे सगळं मी जवळून बघितलं. ऑगस्टच्या शेवटी दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी अश्वजित साहेब साडेदहाला येणार असा निरोप होता. साडेदहा झाले, अकरा झाले, साडेअकरा झाले. मॅडमनी मनाशी ठरवूनच टाकलं की बातमी वाईट आहे, म्हणून ते येत नाहीत.

बारा वाजता साहेब आले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली.

"आधी शेरेबुक आणा," ते म्हणाले.

खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी लिहिलं, 'सकाळी १०.३० ऐवजी १२.०० वाजता शाळेस भेट दिली. मोहदी शाळेकडून येत होतो. वाघनाल्यास पाणी असल्याने सडकेने फिरून यावे लागले.' मग खालच्या ओळीवर, 'बोरधरी शाळा कायम ठेवण्याचा आदेश आज मुख्याध्यापकांच्या हाती दिला.'

मॅडमनी हातातला आदेश दोनदा वाचला. तानाबाईंनी साहेबांच्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब, जोडे तं दोन्ही हायेत ना?"

साहेब खळखळून हसले. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मॅडमनी मला उघडलं आणि तो शेरा पोरांसमोर वाचला. ती रीत तेव्हापासून पुन्हा सुरू आहे. त्या दिवशीच मॅडमनी वर्षालीकडून माझ्या खाल्लेल्या कोपऱ्याला खळ लावून जाड कागद चिकटवून घेतला आणि डाव्या पानावर पूर्तता लिहिली. पुलासाठी पत्र दिले.

मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या माझ्या भावाला एकदा तुमच्या गुरुजींकडून मागून घ्या आणि त्याची पानं वाचून बघा. त्यात तुमच्या छपराची, हापशाची, तुमच्याआधी त्या सतरंजीवर बसलेल्या पोरांची हकिकत आहे. त्याला वाळवीच्या तोंडी देऊ नका आणि त्यात खोटं कधी लिहू देऊ नका.

माझं आता एकच पान कोरं उरलं आहे. मी ते जपून ठेवलंय. एखाद्या ऑगस्टात, भर झडीत, कुणी साहेब मोहदीकडून पुलावरून यावेत, त्यांनी मला मागून घ्यावं आणि लिहावं, 'सकाळी १०.३० वाजता शाळेस भेट दिली.' पुढे कारण काही लिहू नये.